प्रवाळांचा सूर्य

घरातील काचेच्या पेटीत छोटासा समुद्र नांदविण्याची हौस जगात अनेकांना असते. पेटीतील खाऱ्या पाण्यात खडकाला चिकटलेली रंगीत प्रवाळे पाहणाऱ्याला फुलांसारखी भासतात. पण ती फुले नव्हेत, ते प्राणी आहेत. उथळ, उष्ण समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्रकाश अपुरा पडला, की पाहुणाही उपाशी आणि यजमानही उपाशी! म्हणून पेटीवर कोणता दिवा लावावा, हा नुसता शोभेचा प्रश्न नसतो; तो एका जिवाच्या पोटाचा प्रश्न असतो.

इंडोनेशियातील जाकार्ता शहरी राहणाऱ्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपल्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. समुद्राचे पाणी, जीवजंतूंनी भरलेले खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन, एवढ्या साधनांवर त्यांनी प्रवाळे जगविली. विषुववृत्ताजवळचे ऊन त्यांच्या दाराशी फुकट येत होते. थंड देशांतील हौशी लोकांनी ते कोठून आणावे? त्यांनी नळीचे दिवे लावले. पुढे मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे टांगले. प्रकाश मिळाला, पण त्याच्या पाठोपाठ उष्णता आली आणि पेटीतील पाणी तापू लागले.

दिवा निवडताना माणूस आपल्या डोळ्यांना विचारतो, आणि तेथेच चुकतो. त्याला पिवळसर, उबदार उजेड आवडतो. समुद्राची रीत निराळी आहे. पाणी तांबडा प्रकाश वरच्या थरांतच शोषून घेते. निळा प्रकाश मात्र खोलवर उतरतो. प्रवाळांतील शैवाल त्या निळ्या प्रकाशाचा चांगला उपयोग करून घेते. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांनी निळा प्रकाश देणारा एलईडी दिवा साध्य केला; त्याबद्दल त्यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कमी विजेत, पाणी फारसे न तापविता, हवा तो प्रकाश देता येऊ लागला.

तरीही चूक व्हायची ती होतेच. नवा दिवा आणणाऱ्या उतावळ्या मालकाला तो पहिल्याच दिवशी पूर्ण तेजाने लावावासा वाटतो. इतका प्रखर प्रकाश प्रवाळाला सोसत नाही. ते आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकते, पांढरे पडते आणि अनेकदा मरते. जाणता मालक आरंभी मंद प्रकाश देतो व तो आठवड्या-आठवड्याने वाढवितो. पुष्कळ प्रकाश मागणारी फांद्यांची प्रवाळे तो वर ठेवतो, थोडक्यात भागणारी खाली ठेवतो, आणि रात्री दिवा न चुकता मालवतो.

खरा सूर्य तरी दुसरे काय करतो? तो हळूहळू उगवतो आणि वेळेवर मावळतो. दिवा बाजारात विकत मिळतो. धीर मात्र मालकाला आपल्या पदरचाच घालावा लागतो.