हरेगावचा भोंगा



माझ्या लहानपणी आमच्या घरात घड्याळ नव्हते. श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या साखर कारखान्याचा भोंगा हेच आमचे घड्याळ. पहाटेचा भोंगा झाला की आई हाक मारायची, "ऊठ रं, धारा काढायच्यात." मग अण्णांच्या सायकलवर मागे बसून मी कंपनीच्या चाळीत दूध घालायला जाई. हंगामात वाटेवर उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा आंबूस वास आणि वाळत घातलेल्या धुण्यावर चिमणीची काजळी!

बेलापूर कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर हा कारखाना उभारला. प्रवरेच्या कालव्याचे पाणी आणि शेतकऱ्यांची खंडाने घेतलेली हजारो एकर जमीन यांवर तो पोसला. पुढे १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला आणि ती जमीन १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेली. लोणीला १९५० पासून शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना चालू झालाच होता. मागोमाग जिल्ह्यात आणखी उभे राहिले. प्रत्येकाच्या गव्हाणीला ऊस हवा. स्वतःचा मळा गेलेला हा जुना कारखाना थकत गेला आणि १९८० नंतरच्या दशकात बंद पडला.

मी तेव्हा राहुरीला कृषी महाविद्यालयात होतो. सुट्टीत घरी आलो, तर पहाटे भोंगा नाही आणि अण्णा मात्र सवयीने जागे. चाळी रिकाम्या होत होत्या. दोन किटल्या दूध घ्यायला कोणी उरले नव्हते. चारपैकी तीन म्हशी विकल्या. एकीच्या पैशात माझी फी भरली. रिकाम्या दाव्यांकडे बघत अण्णा एवढेच म्हणाले, "कारखाना त्यांचा बसला. मग आपण का बसलो रं?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. नोकरीत गावोगाव हिंडताना ते सापडले. आमचे गिऱ्हाईक एकच होते.

आज बैठकीत कोणी म्हणतो, "साहेब, ऊस लावला की कारखाना आहेच." तेव्हा मला ती दावी आठवतात. ऊस लावू नका, असे मी म्हणत नाही. पण सगळे रान उसाखाली घालू नका. थोडे रान कांद्याला, हरभऱ्याला, घासाला ठेवा. दुधाला दुसरे गिऱ्हाईक आजच बघून ठेवा.

अण्णा आता नाहीत. गोठ्यातल्या खुंटीवर एक दावे मी अजून तसेच ठेवले आहे.