अंगावरची रात्र

रात्री अकरानंतर माझं अंग माझं राहत नाही. आधी कमरेशी, जिथे परकराची नाडी दिवसभर रुतलेली असते, तिथे खाज सुटते. मग मांड्या, दंड, पाठ. खाजवावं तिथे गांधी उठतात आणि एकमेकींत मिसळत पसरत जातात. तळव्यांना सुटली की विचारू नये. तिथली कातडी इतकी जाड, की नख खाजेपर्यंत पोचतच नाही.

लहानपणी कधी असं पित्त उठलं, की आई आमसुलं पाण्यात कुस्करायची. त्या आंबट, गार पाण्याचा हात पाठीवरून फिरायचा आणि वर घोंगडी. गारव्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, खाज थोडी निवते, हे आता कळतं. शिवाय एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत आपोआपच विरते. तरीही त्या पाण्याचं श्रेय मी काढून घेणार नाही. अपरात्री कुणीतरी उठून आपल्या पाठीला हात लावला, हे औषधच होतं.

सकाळी काहीच उरत नाही. दवाखान्यात पोचावं तर अंग नितळ, बोलण्यापलीकडे पुरावा नाही. रात्री दिव्याखाली फोटो काढून ठेवा, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा फार बरं वाटतं. म्हणजे असं विरून जाणं त्यांनाही ठाऊक आहे.

त्वचेत मास्ट पेशी असतात. पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये त्यांना हे नाव दिलं. त्यांच्यातलं हिस्टामिन बाहेर पडलं, की बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतला द्रव झिरपतो आणि कातडी फुगते. शरीरातलं कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यांत कमी असतं, वर पांघरुणाची ऊब, आणि मन गुंतवायला काही नाही. म्हणून रात्र. मेंदूतही हिस्टामिन असतं, आणि आपल्याला जागं ठेवणं हे तिथलं त्याचं एक काम. त्वचेतलं हिस्टामिन तिथवर पोचत नाही, तरी दोन वाजता छताकडे बघत पडलेलं असताना या जोडीचं मला नवल वाटतं.

सहा आठवड्यांपलीकडे हे चालू राहिलं की दुखणं जुनाट धरतात. आणि अशा जुनाट पित्तात बहुतेकदा बाहेरचं कारण सापडतच नाही. काहींमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच मास्ट पेशींना डिवचणारी प्रतिपिंडं तयार करते. पण घरादाराला गुन्हेगार हवा असतो. वांगं सोड, शेंगदाणे सोड, कोळंबीकडे बघूसुद्धा नकोस, साबण बदल. प्रत्येकाचा संशय मायेतूनच आलेला, म्हणून मोडवत नाही. सोडत सोडत मी पेजेवर आले, आणि गांधी उठतच राहिल्या. वहीत रोजचं खाणं लिहिताना घासाघासाची भीती वाटू लागली होती. खाजेने झोप नेली, या शोधाने जेवण नेलं.

त्याहून जिव्हारी लागतं ते "टेन्शन घेतेस म्हणून होतं." ताणाने पित्त वाढू शकतं, हे खरं. पण हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये साधारण दुप्पट आढळतो, आणि एवढ्या सगळ्या बायकांना त्यांच्या स्वभावाचा दोष देऊन उठणं मला क्रूर वाटतं.

मला खरा आधार दिला तो एका डॉक्टरीणबाईंनी. "कारण सापडणार नाही बहुधा, आणि तरी इलाज आहे," असं त्या सरळ म्हणाल्या. झोप न आणणारी अँटिहिस्टामिनची गोळी रोज घ्यायची, खाज असो वा नसो. न भागल्यास मात्रा चौपटीपर्यंत वाढवता येते, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. त्यानेही न भागणाऱ्यांसाठी ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. जीभ सुजली किंवा श्वास अडला, तर मात्र सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

वही बंद केली. यंदा भोगीला वांगी, पावटे, गाजर, बोरं, शेंगदाणे, तिळाचं कूट, असे सगळे संशयित एकाच भाजीत घातले. बाजरीची भाकरी, तिच्यावर लोणी. दोनदा वाढून घेतलं. रात्री गांधी उठल्या, आदल्या रात्री उठल्या होत्या तेवढ्याच.