त्रिनिदादचे पंचांग

परदेशप्रवासाचा बेत आखताना माणूस सहसा आधी नकाशा उघडतो. त्रिनिदादच्या बाबतीत आधी पंचांग उघडावे लागते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम ११ किलोमीटरवर असलेले हे बेट लहान आहे. तेथे कोठे जावे, हा प्रश्न फारसा बिकट नाही. केव्हा जावे, हा खरा प्रश्न. कारण तारीख ठरली की कोणते त्रिनिदाद आपल्याला दिसणार, हेही बव्हंशी ठरून जाते.

ॲश वेन्सडेच्या आधीचे सोमवार आणि मंगळवार कार्निव्हलचे. त्यापूर्वीचे आठवडे स्टीलपॅनच्या तालमींचे. वसाहतीच्या सरकारने आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या ढोलवादनावर निर्बंध घातले, तेव्हा त्यांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३० नंतर बिस्किटांचे डबे आणि तेलाची रिकामी पिंपे ठोकून त्यांतून स्वर काढले. २०२४ साली तेच वाद्य कायद्याने देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरले.

शरद ऋतूत रामलीला येते. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाचा ओढा साहजिकच तिकडे असतो; माझाही होता. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ या जहाजातून पहिले करारबद्ध भारतीय मजूर या बेटावर उतरले आणि १९१७ पर्यंत १,४०,००० हून अधिक आले. ही पद्धत बंद करावी असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली कलकत्त्याच्या विधिमंडळात मांडला होता. तो फेटाळला गेला. उसाच्या मळ्यांत राबलेल्या या माणसांनी रामकथा जपली, याचे आपल्याला अप्रूप वाटते. परंतु या अप्रुपात एक धोका आहे. त्यांच्या वंशजांकडे आपण जणू ठेव ठेवली होती आणि आता ती मोजून घ्यायला निघालो आहोत, अशी आपली नजर होते. किती उरले, किती बिघडले, एवढेच ती टिपते. सेंट लुशियात जन्मलेल्या डेरेक वॉलकॉट यांनी १९९२ च्या नोबेल भाषणाचा आरंभ त्रिनिदादमधील फेलिसिटी गावच्या रामलीलेपासून केला. लेखकाच्या सवयीने आपण तेथे आधी ऱ्हास शोधू लागलो आणि प्रत्यक्षात समोर होता तो आनंद, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे. ते तर त्याच समुद्रातले. मग आपली काय कथा?

म्हणून माझे बोट पंचांगात मोहरमवर येऊन थांबले. त्याला तेथे ‘होसे’ म्हणतात. ‘या हुसेन’ या हाकेचाच तो अवशेष. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात रात्री ताजिये निघतात. हसन-हुसेनांचे हिरवे आणि तांबडे चंद्र खांद्यांवर नाचवत एकमेकांना भेटवले जातात. पुढे वाजतात ते ताशे, आणि सोबत झांज. हे दोन्ही शब्द मराठी कानाला समजावून सांगावे लागत नाहीत. मात्र त्या मेळ्यात हिंदूही असतात, आफ्रिकी वंशाचेही असतात. हे मीलन फुकटचे नाही. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी, शहरात येण्याची बंदी मोडून सॅन फर्नांडोकडे निघालेल्या होसेच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कित्येक मजूर ठार झाले. त्यांत हिंदूही होते. ज्या सत्तेने एकाचा ढोल बंद केला, तिनेच दुसऱ्याचा ताजिया अडवला. हे ध्यानात आले की कार्निव्हल त्यांचा आणि रामलीला आपली, ही वाटणी टिकत नाही.

मोहरमची तारीख दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरते. ती कोणत्याही ऋतूची मिरास नाही. येत्या काही वर्षांत ती मे-जूनच्या सुमारास येते, म्हणजे आमच्या विद्यापीठांच्या उन्हाळी सुटीला लागूनच. तिकडे पावसाळ्याचा आरंभ असतो. छत्री घ्यावी लागेल. ते दिवस शोकाचे आहेत, हेही सामानाबरोबर बांधून घ्यावे लागेल.

रामलीला आणि कार्निव्हल पुढच्या फेऱ्यांसाठी राहोत. पहिल्या भेटीत एवढेच साधावे: ताशाचा ठेका ओळखीचा वाटला, तरी वाजवणाऱ्याला त्याचे मूळ गाव विचारू नये, त्याचा ठेका कोणता, ते ऐकावे.