४६ फुटांचे पंख

अमेरिकेत हृदयाचं दुखणं होऊन गेलेला माणूस छोटं स्पोर्ट विमान उडवू शकतो. त्याला वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही. गाडी चालवायचा परवाना खिशात असावा, आणि विमान सुरक्षित चालवता येणार नाही असं काही आपल्याला झालेलं नाही, हे त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावं. अट एवढीच की पूर्वी कधी वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी अर्ज केला असेल, तर शेवटच्या अर्जाला नकार मिळालेला नसावा. अर्जच केला नसेल तर प्रश्नच मिटला. आता एकाच दुखण्याची दोन माणसं घ्या. एक गप्प राहिला, त्याने जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपू दिली. दुसऱ्याने सगळं लिहून दिलं आणि म्हणाला, तपासा. पहिला उडतो. दुसरा मी.

मी मूळचा पुण्याचा. कॉलेजात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या दोरावर वर जायचो, तिथून हे वेड लागलं. पुढे नोकरीसाठी इलिनॉयला आलो, खासगी वैमानिकाचा परवाना काढला, क्लबचं सेस्ना १७२ तासाच्या भाड्याने उडवलं. मग इथल्या बऱ्याच जणांना होतं तसं मलाही झालं: आपलं विमान आपणच बांधावं. इथे ते जगावेगळं नाही. घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना, ईएए, पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत सुरू केली. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असलं की सरकार त्या विमानाला ‘एक्सपरिमेंटल’ म्हणून मान्यता देतं. याला सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना नोंदणी मिळायला २०१७ साल उजाडलं, हे आठवलं की इथल्या या सोयीची किंमत कळते.

तर माझं ठरलेलं होतं. सोनेक्स. जॉन मॉनेट यांनी आखलेलं दोन आसनांचं, अख्खं अॅल्युमिनियमचं विमान. पंखांचा विस्तार जेमतेम २२ फूट. फोक्सवॅगनच्या बीटल गाडीच्या इंजिनावरून तयार केलेलं ८० अश्वशक्तीचं इंजिन, तेही आपणच जुळवायचं. वेग ताशी १३० मैलांच्या आसपास. मुलगी मिनियापोलिसला असते, तिच्याकडे दुपारी निघून चहाला पोचता येईल असा माझा हिशेब होता. बाकी काही बघायचंच नव्हतं.

मग छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. त्या दिवसापासून मी विमानाला हात लावला नाही. सांगितलेले महिने थांबलो. ट्रेडमिलवर धावलो, आणि डॉक्टर म्हणाले की तुमच्या वयाच्या माणसात हे उत्तम आहे. मी अर्ज भरला, स्टेंट लिहिला, तारखा लिहिल्या, औषधं लिहिली.

वैद्यकीय प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी कार्यालयाचं पत्र आलं की अँजिओग्राफीचं मूळ चित्रण आणि ट्रेडमिलच्या इसीजीचे सगळे पट्टे पाठवा. नुसता अहवाल चालणार नाही. मुदत साठ दिवस. मी त्याच दिवशी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात गेलो. त्यांनी फॉर्म भरून घेतला आणि पाठवतो म्हणाले. पाठवला तो नुसता अहवाल. मी पुन्हा गेलो. पट्टे दुसऱ्या इमारतीत आहेत म्हणाले. त्या इमारतीत गेलो तर तिथल्या बाईंनी सांगितलं की रुग्णाच्या हातात देत नाही, थेट पाठवतो. बरं, पाठवा. सीडी गेली, ती दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाची. हे मला त्या कार्यालयाला फोन केल्यावर कळलं, आणि फोन लागायलाच किती वेळ गेला ते सांगण्यात अर्थ नाही. मी मुदतवाढ मागितली. नव्या सीडीसाठी पुन्हा फॉर्म. सीडी निघाल्याची पावती माझ्याकडे आहे. ती पोचेपर्यंत नकाराचं पत्र निघालेलं होतं.

त्या पत्रात माझ्या हृदयाबद्दल एक अक्षर नाही. मागितलेली माहिती मुदतीत मिळाली नाही, म्हणून अर्ज नाकारण्यात येत आहे, एवढंच. ते मी किती वेळा वाचलं असेल. माझं हृदय कुणी बघितलंच नाही. बघून नाही म्हटलं असतं तर मी मान खाली घालून ऐकलं असतं, डॉक्टरी ज्ञानापुढे मी वाद घातला नसता. पण कागद पोचला नाही, आणि न पोचलेल्या कागदाला कायद्याने आजाराचं वजन दिलं. त्या एका पत्राने सेस्ना गेलं. २०१७ पासून खासगी वैमानिकांना आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून तपासून उडता येतं, ती सोयही शेवटचा अर्ज नाकारलेल्याला नाही. आणि स्पोर्ट विमान गेलं, ज्यासाठी मला अर्ज करायची गरजच नव्हती! मी जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपू दिली असती तर आज सोनेक्सच्या शेपटीचे रिव्हेट मारत बसलो असतो.

हे वाचणाऱ्यांत कुणी उडणारे असतील, अमेरिकेत आपली मुलं बरीच आहेत, तर त्यांना कळकळीने सांगतो. आधी वैमानिकांना तपासणाऱ्या डॉक्टरकडे नुसतं सल्ल्यासाठी जा, अर्ज न भरता. काय काय मागतील ते विचारा. तो प्रत्येक कागद, प्रत्येक सीडी स्वतःच्या टेबलावर येऊ दे, ती स्वतः लावून बघा, नाव तपासा. तोपर्यंत त्या फॉर्मला हात लावू नका. पुन्हा अर्ज करता येतो, हे खरं आहे. पण त्याच चाचण्या पुन्हा, खर्च पुन्हा, आणि मंजुरी मिळालीच तरी ती ठरावीक मुदतीची. पुढे परत तेच.

ग्लायडरची गोष्ट मला विमानतळावरच्या शेजारच्या हँगरमधल्या एका निवृत्त शेतकऱ्याने सांगितली. ग्लायडर उडवायला इथे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतच नाही, पूर्वीचा नकार असला तरी. उडण्याइतके आपण ठीक आहोत ना, ही जबाबदारी वैमानिकाची स्वतःची. हे मला माहीत होतं, पण इंजिन असलेला ग्लायडरही यातच धरतात हे ध्यानात नव्हतं. स्वतःच्या इंजिनावर धावपट्टीवरून उठतो, वर गेल्यावर इंजिन बंद करून तरंगतो, तो मोटरग्लायडर. कायद्याच्या लेखी तो ग्लायडर.

आणि कशाला ग्लायडर म्हणायचं, याचं गणित आहे. जास्तीत जास्त दोन माणसं, वजन ८५० किलोच्या आत, आणि किलोतल्या कमाल वजनाला मीटरमधल्या पंखविस्ताराच्या वर्गाने भागलं की उत्तर ३ च्या वर जाता कामा नये. सोनेक्सच्याच घराण्यात झेनॉस नावाचा मोटरग्लायडर आहे. तोच आखणारा, तेच अॅल्युमिनियम, तेच ८० अश्वशक्तीचं इंजिन. शेपूट व्ही आकाराची आणि पंख सुमारे ४६ फूट. त्याचं वजन साधारण ५७८ किलो. मी रात्री जेवणाच्या टेबलावर भागाकार केला. उत्तर ३ च्या किंचित खाली आलं. बायकोला दाखवलं. ती गणिताची शिक्षिका. तिने परत करून बघितला आणि म्हणाली, "म्हणजे पंख लांब केले की तू बरा झालास?"

मला त्या रात्री झोप आली नाही. इंजिन तेच, खुर्चीत बसणारा मी तोच, स्टेंट तोच. माझ्या प्रकृतीचा निकाल पंखांच्या लांबीवर लागत होता. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण अपमान झाल्यासारखंही वाटलं, ते अजून पुरतं गेलेलं नाही.

जुलैअखेर ऑशकॉशला ईएएच्या मेळाव्याला गेलो. दोन्ही विमानांत बसून बघितलं, ती बांधणाऱ्यांशी बोललो. सोनेक्सवाल्यांचा सगळा जीव वेगात आणि चपळाईत. कोलांट्या मारता येतात, लहान हँगरमध्ये मावतं, आडव्या वाऱ्यात त्रास कमी. झेनॉसवाले कमी बोलतात, आणि बोलले की ढगांविषयी बोलतात. एका वयस्क गृहस्थांनी मला फ्रेंच फूर्निए आरएफ-४ ची गोष्ट सांगितली: ४० अश्वशक्तीच्या, फोक्सवॅगनवरूनच घडवलेल्या इंजिनाचं ते लाकडी, एका आसनाचं यंत्र घेऊन मिरा स्लोव्हाक १९६८ मध्ये युरोपातून अटलांटिक ओलांडून कॅलिफोर्नियाला आला. मोटरग्लायडर म्हणजे म्हाताऱ्यांचं विमान, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा, म्हणाले.

आकडे मांडले तर निवड अवघड होती, असं मी आता म्हणू शकतो. झेनॉसचा प्रवासाचा वेग ताशी १०० मैलांच्या आसपास, म्हणजे मिनियापोलिसचा चहा रात्रीच्या जेवणावर गेला. पण इंजिन बंद पडलं तर? सेस्ना १७२ एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. झेनॉसचा आकडा कारखाना २४ सांगतो. थांबलेला पंखा हवेला अडवतोच, म्हणून मी मनात वीस धरला. तीन हजार फुटांवरून सेस्नाला आठ किलोमीटरच्या आत शेत शोधायचं असतं. वीसच्या हिशेबाने १८ किलोमीटर मिळतात. इलिनॉयच्या सपाटीवर एवढ्या अंतरात एखादी धावपट्टी बहुतेक सापडते. ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याने याचा विचार करावा. इंजिनाचा आणि स्वतःचाही.

आणि इथे मला माझ्याच रागाशी भांडावं लागतं. वैद्यकीय कागद नको, माणसाला स्वतःचं ठरवू द्या, ही ग्लायडरवाल्यांची रीत शहाणपणाची आहे असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण ठरवायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मला ते एकट्याने पेलेना. सकाळी उठून मी म्हणतो ठीक आहे, आणि मला उडायचं असतं, मग माझ्या म्हणण्याला किती किंमत? शेजारी दुसरं माणूस बसणार असेल तर? म्हणून मी दरवर्षी स्वतःच्या पैशाने ट्रेडमिल टेस्ट करून घेतो. कुणी मागत नाही. पट्टे घरी फायलीत लावतो. ज्या चाचणीच्या कागदावरून माझं विमान गेलं, तीच मी आपण होऊन करतो, आणि तिच्याशिवाय उडायला माझं मन धजत नाही. यात विसंगती आहे. असू दे.

ग्लायडरचं रेटिंग जोडायला लेखी परीक्षाही द्यावी लागली नाही, कारण विमानाचा परवाना होता. जवळच्या क्लबमध्ये विमानामागे दोर लावून वर ओढत नेतात. हडपसरच्या विंचसारखा पोटात खड्डा पाडणारा झटका नाही, पण दोर सुटला की तीच शांतता. मक्याच्या शेतांवर थर्मल, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेचे झोत, कमकुवत असतात. नांगरलेल्या काळ्या जमिनीवर, धान्याच्या कोठारांवर, दुकानांच्या डांबरी आवारांवर चांगले मिळतात. पुण्याला मार्च-एप्रिलमध्ये घारी जिथे घिरट्या घालायच्या तिथे आम्ही जायचो; इथे ते काम गिधाडं करतात. एका दुपारी चढ-उतार दाखवणाऱ्या व्हेरिओचा काटा वर गेला, मी वळण आवळलं आणि पाऊण तास खाली आलो नाही. सेस्नात इतकी वर्षं मी नुसता एका गावाहून दुसऱ्या गावी गेलो, उडायचं राहूनच गेलं होतं, असं त्या दिवशी वाटलं. त्याच आठवड्यात झेनॉसच्या शेपटीचं किट मागवलं.

आईला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, "घरात विमान, मग गाडी कुठे लावणार?" गाडी रस्त्यावर. गॅरेजमध्ये आता लांब टेबल आहे, इतकं सरळ की त्यावर ठेवलेली गोटी हलत नाही. भोकं पाडायची, पत्रे सोडवायचे, प्रत्येक भोकाची कड कानशीने साफ करायची, पुन्हा क्लेको नावाचे तात्पुरते चाप लावून जुळवायचं, मग रिव्हेट. प्रत्येक पंखाला मणक्यासारखा स्पार असतो, तो वाकडा झाला तर सगळं वाया. त्या कामाला मी शनिवारी सकाळीच बसतो, संध्याकाळी थकून नाही. प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि वही ठेवतो, कारण तपासनीसाला मीच बांधलं हे पटवायचं आहे. पुढे दरवर्षीची तपासणी मला स्वतःला करता यावी, त्याचा दाखलाही यावरूनच मिळतो.

आता अडचण हँगरची. आमच्या विमानतळावरच्या हँगरचे दरवाजे ४२ फुटांचे. पंख ४६. उडायच्या आधी आणि नंतर दर वेळी पंख जोडायचे-काढायचे म्हणजे दोन माणसं आणि भरपूर वेळ, आणि घाईत एखादी पिन राहिली तर काय होतं ते सांगायला नको. छोट्या पंखांचं असतं तर हा प्रश्नच नव्हता. सोनेक्स त्या हँगरमध्ये दुसऱ्या विमानाशेजारी मावलं असतं. हे मला दर आठवड्याला वाटतं. उद्या कुणी ते पत्र मागे घेतलं तर मी पंख अर्धे टाकून सोनेक्स मागवेन का, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, नाही. मग थोड्या वेळाने म्हटलं, माहीत नाही.

ग्लायडिंग क्लबकडे एक जुनी शेड आहे, दरवाजा पन्नास फुटांचा. तिथे जागा मागितली आहे. इंजिनवाल्याला घ्यायचं का, यावर त्यांच्यात दोन मतं आहेत. काही सभासदांना इंजिन म्हणजे लबाडी वाटते. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठरेल. मी भाड्याबरोबर शेडचं गळकं छप्पर दुरुस्त करून देतो असं लिहून दिलंय. पत्र्याचं काम आता मला चांगलं येतं.