उताराचं पुणं

पुण्याला उतार आहे हे मोटारीतून कळत नाही. रिक्षातून तर नाहीच. तिथे सगळं लक्ष मीटरवर. त्यासाठी भल्या पहाटे, रस्ता ट्रकवाल्यांच्या ताब्यात जाण्याआधी, कात्रजहून स्वारगेटकडे सायकल सोडावी. पायडल फारसं न मारता चाकं पळत राहतात. जो उतार आपल्याला असा फुकट मिळतो, त्याच्याच जिवावर पेशवाईत पेठांना पाणी मिळायचं.

१७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत, कात्रजला पाणी अडवलं गेलं आणि जमिनीखालून ते थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. त्याला म्हणतात कात्रजचा नळ, पण आहे ते दगडी भुयार. कित्येक ठिकाणी माणूस सहज उभा राहील एवढं. पंप नाही, चाक नाही, बैल नाही. पाणी आपल्या वजनानं चालत यायचं. वाटेत उच्छ्वास बांधलेले. तिथे कोंडलेली हवा बाहेर पडायची, पाण्याचा जोर आवरला जायचा, गाळ खाली बसायचा. पुढे काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. लोक घागरी घेऊन यायचे ते या हौदांवर. फडके हौद आज बहुतेकांना चौक म्हणूनच ठाऊक. पत्ता सांगताना रोज तोंडात येतो, पण त्यात पाणी कुठून यायचं, हे कुणी विचारत नाही.

पेठांत शिरलं की सायकल हातात धरून चालावं. गल्ल्याच तशा आहेत. डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर अशी देवांची हजेरी घेत सोमवार पेठेत यावं आणि त्रिशुंड गणपतीपाशी थांबावं. काम १७५४ मध्ये भीमगीरजी गोसाव्यांनी सुरू केलं, १७७० मध्ये पुरं झालं. आत तीन सोंडांचा गणपती, तोही उंदराऐवजी मोरावर. भिंतीवर संस्कृतच्या जोडीला फारसी शिलालेख. खाली तळघर, आणि त्यात पाणी! गुरुपौर्णिमेला ते उपसतात, तेव्हा कुठे खालची समाधी पाहता येते.

पण खरी गंमत दर्शनी भिंतीवर आहे, आणि नमस्कार करून आत वळणाऱ्यांच्या नजरेतून ती हमखास निसटते. काळ्या पाषाणात एक गेंडा कोरलाय. त्याला साखळदंडानं जखडणारे शिपाई पेहरावावरून सरळसरळ गोरे. पुण्याच्या देवळात गेंडा कशाला? गेंडा तिकडचा, म्हणून इंग्रजांनी बंगाल-आसामकडे पाय पसरले त्याचं हे चित्र, असा एक तर्क आहे. मला तो पटतो. बंगाल इंग्रजांच्या हाती देणारी प्लासीची लढाई १७५७ ची; देवळाचं काम तेव्हा चालूच होतं. पेशवाई बुडायला अजून बराच अवकाश होता. म्हणजे बातमी सोमवार पेठेतल्या पाथरवटापर्यंत पोचली होती. शनिवारवाड्यात ती किती जणांनी मनावर घेतली, हे त्या भिंतीपुढे उभं राहून विचारावंसं वाटतं.