साय ताटात नाही, गालावर

बाळ चार महिन्यांचं झालं आणि भाचीच्या ताटातून एकेक पदार्थ उतरू लागला. आधी वांगं गेलं, मग शेंगदाण्याचं कूट, मग अंडी, शेवटी दूध-दही. बाळाच्या दोन्ही गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठले होते. त्यातून मधूनच लस यायची, डोक्यावर खपल्या धरायच्या आणि रात्री ते आईच्या खांद्यावर गाल घासत रडायचं. पुण्यात ऐन डिसेंबरची कोरडी थंडी होती. बाळाला बघायला आलेली प्रत्येक बाई पाळण्यात डोकवायची आणि वळून आईलाच विचारायची, "तू काय खाल्लं होतंस गं?"

मी तेव्हा तिच्या मदतीला राहिले होते. भाची वाळत चालली होती, चट्टे जिथल्या तिथे होते.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी बाळाचा डायपर सोडून पाहिला. गाल, डोकं, हातापायांची बाहेरची बाजू लाल, पण डायपरखालची कातडी स्वच्छ. तान्ह्या बाळांचा इसब बहुधा असाच दिसतो, पुढे तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत सरकतो. मग त्यांनी जावयांना तळहात दाखवायला सांगितलं. तळव्यांवर रेषांचं दाट जाळं होतं, नडग्यांवरची कातडी खवलेदार होती. लहानपणी दमा होता का, हा पुढचा प्रश्न. होता. इतका वेळ सगळ्यांचं बोट आईकडे होतं, बाबांचे हात कुणी पाहिलेच नव्हते.

त्या रेषांमागे बहुतेक वेळा फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाची कमतरता असते. हे प्रथिन कातडीचा सर्वांत वरचा थर घट्ट बांधतं आणि त्याच्या विघटनातून ओल धरून ठेवणारे घटक तयार होतात. ते कमी पडलं की नव्या माठातून पाणी झिरपावं तशी त्वचेतली ओल बाहेर जात राहते, आणि साबण, धूळ, जंतू आत शिरतात. या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवला. दोष असलेल्या प्रत्येकाला इसब होत नाही, आणि इसब असलेल्या अनेकांत हा दोष सापडतही नाही. आनुवंशिकता, कोरडी हवा, साबण, लोकरीचे कपडे, लाळ, त्वचेवर वाढणारे स्टॅफिलोकोकस जंतू, अशी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात.

डॉक्टरांनी मग अंघोळीबद्दल विचारलं आणि खरी गोष्ट तिथे निघाली. मालीशवाल्या मावशी मनापासून बाळाला डाळीचं पीठ आणि दुधाची साय चोळत होत्या. अंग शेकायला धुरी होतीच. दूध आईच्या पेल्यातून गेलं होतं आणि बाळाच्या फुटलेल्या गालांवर रोज लागत होतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लंडनच्या गिडियन लॅक यांनी २००३ मध्ये ब्रिटिश मुलांच्या पाहणीतून मांडलं की, ज्यांच्या सुजलेल्या कातडीला शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. पोटातून ओळख झालेलं अन्न शरीर सहसा स्वीकारतं, फुटक्या कातडीतून आलेल्या अन्नाला ते शत्रू समजू शकतं, असं त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये त्यांच्याच गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. लहानपणापासून शेंगदाणा खाणाऱ्यांपेक्षा तो टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी ॲलर्जी कितीतरी अधिक होती. म्हणजे अनेकदा इसब आधी येतो आणि अन्नाची ॲलर्जी त्याच्या वाटेने मागून. काही बाळांत एखादं अन्न इसब भडकवतंही, पण ते तपासून ठरवायचं असतं. आईला उपाशी ठेवून नाही.

पीठ, साय, धुरी बंद झाली. कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मलम, असा क्रम बसला. लाल चट्ट्यांवर मोजके दिवस सौम्य स्टिरॉईड लावायचं होतं. भाचीच्या सासूबाई त्या नावाने घाबरल्या. डॉक्टरांनी किती, कुठे, किती दिवस हे बोटाच्या पेरावर मापून दाखवलं तेव्हा त्या स्वतःच लावू लागल्या. मालीश राहिली, फक्त हात हलका झाला.

भाचीने त्याच आठवड्यात दूध घेतलं, मग अंडं, मग कुटाची भाजी. चट्टे वाढले नाहीत. बाळाला वरचं अन्न सुरू झालं तेव्हा डॉक्टरांना विचारून शेंगदाण्याचं बारीक कूटही पेजेत आलं. अख्खा दाणा नाही, तो घशात अडकतो.

इसब गेला असं मात्र नाही. थंडी पडली की कोपराच्या लवणी लाल होतात, खाज सुटते, मलमाची बाटली पुन्हा पाळण्याजवळ येते. बऱ्याच मुलांचा तो वयाबरोबर कमी होतो. काहींना पुढे दमा किंवा शिंका धरतात, म्हणून जावई बाळाच्या रात्रीच्या खोकल्याकडे लक्ष ठेवून असतात.