उतारावरचं गेट

बीड जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. उत्तरेला गोदावरीकाठची गंगथडी, सपाट आणि काळ्याभोर जमिनीची. दक्षिणेला बालाघाटाचा डोंगरपट्टा, मुरमाड आणि चढउताराचा. माझं दुकान गेवराईत, म्हणजे गंगथडीत. पण गेली काही वर्षं माझं बरंचसं काम डोंगरपट्ट्यातून येतं, आणि तेही एकाच गोष्टीचं: घरांपुढच्या आपोआप उघडणाऱ्या गेटांचं.

मूळ धंदा मोटार वायंडिंगचा. विहिरीवरच्या, बोअरच्या, कालव्याला टाकलेल्या मोटारी. विजेचा दाब कमी झाला की मोटार गुरगुरते, तापते आणि जळते, मग शेतकरी ती मोटारसायकलला बांधून दुकानात आणतो. पुढं सोलापूर-धुळे रस्ता रुंद झाला, गावाच्या कडेनं बंगले उठले, जिनिंगवाल्यांनी कंपाऊंडला ट्रक जाईल एवढी सरकती गेटं बसवली. अशाच एका जिनिंगच्या गेटची मोटार माझ्याकडं पहिल्यांदा आली. उघडली तर आत ओळखीचाच संसार: तेच तांबं, तोच स्टेटर, तोच कंडेन्सर. नवीन होता तो गिअर, आणि गिअरबाहेरचं दात्याचं चाक, पिनियन. त्या दात्यांत ग्रीस आणि रुई एकत्र बसून दगडासारखा गोळा झाला होता. तो खरवडून काढला, कंडेन्सर बदलला, गेट चालू झालं. तिथून या कामाला सुरुवात झाली.

हे यंत्र तसं साधं आहे. गेटच्या खालच्या अंगाला दात्यांची लांब पट्टी बसवलेली असते, तिला रॅक म्हणतात. मोटारीचं पिनियन त्या रॅकला ढकलतं आणि गेट रुळावरून सरकतं. दोन्ही टोकांना लिमिट असतं, ते मोटारीला थांबायला सांगतं. खांबांवर समोरासमोर दोन डोळे असतात. त्यांच्यामध्ये कुणी आलं की बंद होणारं गेट थांबून मागं फिरतं. वीज गेली तर मोटारीला एक चावी असते. ती फिरवली की गिअर सुटतो आणि गेट हातानं ढकलता येतं.

हे सगळं ज्या गेटवर बसवायचं ते गेट आधी एका हातानं सरकलं पाहिजे, ही माझी पहिली अट असते. कुठल्याही घरी गेलो की मी आधी मोटारीचा बोर्ड उघडत नाही. चावी लावून गिअर सोडतो आणि गेट हातानं ढकलून बघतो. कुठं जड जातं, कुठं अडतं, कुठं आपसूक पळतं, हे हाताला जेवढं कळतं तेवढं मल्टिमीटरला कळत नाही. बहुतेक वेळा दुखणं मोटारीत नसतंच. ते रुळात असतं, चाकाच्या बेअरिंगमध्ये असतं, नाहीतर जमिनीत.

आमच्या गेवराईची जमीन तर या बाबतीत फार कडक परीक्षा घेते. काळी भारी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीत दोन-अडीच फुटांवर उभा केलेला गेटचा खांब पहिल्या पावसाळ्यातच कलतो. मग उन्हाळ्यात चोख बसलेलं गेट पोळ्याच्या सुमारास अडायला लागतं, आणि घरमालक मला फोन करून सांगतो, ‘मिस्त्री, मोटार गेली.’ मोटार गेलेली नसते. खांबाचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायला हवा होता आणि दोन्ही खांब जमिनीखाली बीमनं बांधायला हवे होते. हे गवंड्याचं काम आहे, पण त्याचा भोग मोटारीच्या वाट्याला येतो.

डोंगरपट्ट्यात खांब कलत नाहीत. तिथं खाली मुरूम आणि काळा खडक, पाया वज्रासारखा बसतो. तिथला प्रश्न उताराचा.

मांजरसुंब्याचा घाट चढून वर गेलं की रस्त्याच्या अंगानं टेकडीला धरून बांधलेली घरं दिसतात. निवृत्त माणसांनी, नोकरीनिमित्त बाहेर राहणाऱ्या पोरांनी बांधलेली. हवा छान, लांबवर नजर जाते. घर वर, रस्ता खाली, मध्ये गाडीचा चढ. अशा ठिकाणी दोन पल्ल्यांचं गेट आत उघडायचं म्हटलं तर पल्ला जमिनीला टेकतो. दहा फुटांत एक फूट चढ असेल तर सहा फुटांचा पल्ला आत वळेपर्यंत जमीन सात इंच वर आलेली असते. मग फॅब्रिकेशनवाला पल्ला तेवढा उचलून लावतो आणि खालच्या फटीतून कुत्री-डुकरं आत येतात. म्हणून लोक सरकतं गेट घेतात, आणि ते बरोबरच आहे. फक्त रूळ सपाट पाहिजे. रस्ताच उताराचा असला की रूळही रस्त्याबरोबर उतारावर टाकून दिला जातो, कारण तसं टाकणं सोपं आणि दिसायला सरळ.

तिकडच्याच एका घरची मोटार माझ्याकडं वारंवार जळून यायची. मालक निवृत्त शिक्षक. कुणीतरी त्यांना मोठी मोटार घ्यायला सांगितलं, तीही त्यांनी घेतली, तिचीही तीच गत झाली. शेवटी मी म्हणालो, ‘सर, मोटार पाठवू नका, मीच येतो.’

गेट बारा फुटी, जाड पत्र्याचं, उघडताना चढावर जाणारं. मी चावी फिरवून गिअर सोडला तसं ते हातातून सुटून खांबाकडं पळायला लागलं. खांदा लावून थोपवलं. सर गाडीशेजारी उभे होते, त्यांचा नातू रुळाजवळच खेळत होता. त्याला आधी घरात पाठवायला सांगितलं.

मग पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली. एक टोक सरांच्या हातात या खांबाला, दुसरं माझ्या हातात त्या खांबाला. नळीतलं पाणी हलायचं थांबलं तसं दोन्हीकडं खूण केली आणि खुणेपासून रुळापर्यंत टेप धरला. बारा फुटांत सात इंचांचा फरक होता, जवळजवळ एक वीत. सरांनी टेपकडं दोनदा पाहिलं. ‘एवढा? डोळ्याला तर सपाट वाटतं,’ म्हणाले. भोवतालची सगळीच जमीन कलती असली की डोळा फसतो.

हिशेब सांगितला तो असा. वीस फुटांना एक फूट उतार असेल आणि गेट ४०० किलोचं असेल, तर उताराची ओढ साधारण २० किलोची पडते. सपाटीवर चांगल्या चाकांचं गेट हलवायला जेवढं बळ लागतं, जवळजवळ तेवढंच हे वरचं. उघडताना मोटार हे ओझं चढावर ओढते आणि तापते. बंद होताना उलटं होतं. गेटच मोटारीला ढकलत नेतं, दात्यांवर मागून मार बसतो, लिमिट लागूनही गेट चार बोटं पुढं सरकतं आणि खांबावर आपटतं. मोठी मोटार बसवून उघडण्याचा प्रश्न मिटेल, आपटण्याचा मिटणार नाही. सर गणिताचे शिक्षक होते. पुढं काही सांगावं लागलं नाही.

इलाज लोखंडाचा आणि सिमेंटचा होता. रूळ काढला. वरच्या अंगाला जमीन खोदली, खालच्या अंगाला भर घालून काँक्रीटचा उंबरा केला, गेट मागं जातं तिथली भिंतीलगतची पट्टी आणखी खाली उतरवली, आणि रूळ पाणपातळीत बसवला. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना गाडीला दणका बसू नये म्हणून लांब उतार काढून दिला. रुळाच्या वरच्या अंगाला जाळी टाकलेली आडवी नाली केली, कारण पावसात चढावरून पाणी मुरूम-खडे घेऊन येतं आणि सगळं रुळात आणून टाकतं. रुळात अडकलेला एक खडा ४०० किलोचं गेट थांबवू शकतो. शेवटी जुनीच, लहान मोटार बसवली. रॅक आणि पिनियनमध्ये एक-दीड मिलिमीटरची फट ठेवली, म्हणजे गेटचं वजन चाकांवर राहतं, पिनियनवर येत नाही. ती मोटार आजही चालते आहे.

मोटार आणि बोर्डाचे आजार नसतातच असं नाही. डोंगरात पावसाळ्याआधीच्या वादळात विजा फार पडतात. अर्थिंग नीट नसलं तर एका कडकडाटात बोर्ड काळा पडतो. शिवाय बोर्डाचा उबदार, कोरडा डबा पालींना आवडतो. झाकण उघडावं तर बोर्डाच्या मागं त्यांची खडूसारखी पांढरी अंडी, आणि दोन टाक्यांच्या मध्ये करपून चिकटलेली पाल. ती ज्या पाइपातून वायर येते तिथूनच आत येते. पाइपाचं तोंड एम-सीलनं बुजवायला पाच मिनिटं लागतात आणि बोर्ड वाचतो, पण हे काम कुणी केलेलं सहसा सापडत नाही. मुंग्याही तिथूनच येतात. पश्चिमेकडं बघणारा डोळा असलेल्या गेटाचा आणखी एक प्रकार: संध्याकाळी ऊन थेट डोळ्यात शिरतं आणि गेट बंदच होत नाही. दोन डोळ्यांपैकी एक किरण सोडतो, दुसरा घेतो. घेणाऱ्याला सावलीच्या बाजूच्या खांबावर नेलं की तक्रार मिटते. यात कसलाही खर्च नाही.

पण या कामातली मला सगळ्यात जास्त बेचैन करणारी गोष्ट वेगळीच आहे.

पावसाळ्यात एका रात्री फोन आला. पाटोद्याच्या बाजूचं, टेकडीवरचं घर. वीज गेलेली, गेट बंद, घरातल्या म्हाताऱ्या आईच्या छातीत कळ आलेली आणि गाडी आत अडकलेली. गेट बसवणाऱ्याचा फोन लागत नव्हता, कुणाच्या तरी ओळखीनं माझा नंबर मिळाला होता. मुलगा घाबराघुबरा होऊन बोलत होता. मी विचारलं, ‘मोटारीची चावी कुठंय?’ अशी चावी असते हेच त्याला माहीत नव्हतं. मी गेवराईतून तिथं पोचायला दीड तास लागला असता.

‘गेट उघडताना उताराकडं जातं का चढाकडं?’

‘उताराकडं.’

‘मग आधी चाकांपुढं उताराच्या बाजूनं दोन मोठे दगड घट्ट बसवा. मीटरजवळ जाऊन गेटचा स्विच खाली करा, मधेच लाइट यायला नको. दोर असला तर गेटला बांधा आणि दोघांनी मागून धरा.’ मग पाना घेऊन रॅकचे बोल्ट सोडायला लावले, पिनियनवरचा तुकडा आधी, त्यानंतर पुढचे. शेजारचा एक मुलगा मोबाइलचा उजेड धरून होता, दुसरा बोल्ट सोडत होता, आणि मी इकडून एकच गोष्ट सांगत होतो, ‘दगड काढायची घाई करू नका, गेटच्या वाटेत कुणी उभं राहू नका.’ गेट दोरानं धरून हळूहळू खाली सोडलं, गाडी निघाली. मावशी वेळेत दवाखान्यात पोचल्या आणि बऱ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. चावी देवघराच्या खणात, कंपनीच्या न फोडलेल्या पिशवीत. आणि गेटच्या शेवटी अडवणारा स्टॉपर नव्हता. दोर सुटला असता तर गेट रुळाबाहेर जाऊन आडवं पडलं असतं. २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये सरकतं गेट अंगावर पडून खेळणारी लहान मुलगी दगावली, ती बातमी महाराष्ट्रानं पाहिली आहे. रुळाच्या दोन्ही टोकांना जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी अडसर आणि गेटला वरून धरणारे रोलर, एवढ्यानं असं मरण टळतं. त्यासाठी वेल्डरचा अर्धा दिवसही लागत नाही.

आमच्या तालुक्यातून जायकवाडीचा उजवा कालवा जातो, पैठणपासून माजलगावपर्यंत १३२ किलोमीटर. त्यावरची दारं हँडल फिरवून उचलणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो. विजेचा भरवसा धरून कुणी पाणी सोडत नव्हतं. घराचं दारही असंच असायला हवं, वीज असो वा नसो, घरातल्या कुणालाही उघडता येणारं. पैसे घ्यायच्या आधी मी घरातल्या प्रत्येकाकडून, आजीपासून शाळेतल्या पोरापर्यंत, एकदा चावी लावून गेट हातानं सरकवून घेतो. काहींना ते जिकिरीचं वाटतं. मी ऐकत नाही.

तुमच्याकडं असं गेट असेल तर दोन गोष्टी आजच बघा. रुळाच्या दोन्ही टोकांना अडसर आहे का, आणि मोटारीची चावी कुठं आहे. अडसर नसेल तर तो बसेपर्यंत मोटार बंद ठेवा आणि मुलांना गेटजवळ खेळू देऊ नका. चावी सापडली की घरातल्या सगळ्यांना बोलवा आणि दिवसाउजेडी ती एकदा लावून पाहा. घर उतारावर असेल तर मात्र चावी फिरवण्याआधी चाकाला दगड लावा.